ग्वाल्हेरला गेलेली कादंबरी

कुमुदिनीवहिनींनी मला जन्मात एकदाही प्रेमाची कादंबरी वाचायला दिली नाही, याचा राग मला अजून आहे. मी इंदूरच्या स्नेहलतागंजात सून होऊन आले तेव्हा माझं वय प्रेमाच्याच कादंबऱ्या वाचायचं होतं. पण वहिनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि हातात खुनाची कादंबरी ठेवायच्या. म्हणायच्या, "शालिनी, तुझं लग्न आत्ता-आत्ता झालंय. घरात चालू आहे तेच पुस्तकात कशाला बघतेस? तुला भांडायची हौस आहे आणि सासरची माणसं पडली सज्जन. तू हे ने. माझ्या भरोशावर ने." मी फणफणत घरी जायची, दोन दिवसांत पुस्तक संपवायची आणि खुनी कोण ते आपण आधीच ओळखलं होतं अशा तोऱ्यात परत करायची. मग पुढच्या महिन्याला पुन्हा खूनच मिळायचा.

गल्लीतल्या बायकांना दर महिन्याला नव्या कादंबऱ्या सुचवायच्या, हा वहिनींचा उद्योग. कुणी सांगितलेला नव्हता आणि त्यातून मिळत काहीच नव्हतं. त्यांचे यजमान बाबूराव आधी होळकर दरबारच्या नोकरीत होते, मग सेक्रेटरिएटात हेडक्लार्क झाले. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. भाड्याच्या दोन खोल्या, पण वर ऐसपैस गच्ची, आणि त्या गच्चीच्या जोरावर वहिनी सगळ्या गल्लीवर राज्य करायच्या.

गल्लीच्या टोकाला मराठी वाचनालय होतं. पुण्या-मुंबईहून नव्या पुस्तकांचं पार्सल तिथे महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचं. पण दारापासून कपाटापर्यंत पुरुषमंडळी वर्तमानपत्रं पसरून, पाय लांब करून बसलेली असायची. आमच्यातली कोणी त्या पायांच्या जंगलातून जायला धजत नसे. वहिनी पदर खोचून आत शिरायच्या. "जरा पाय घ्या, भिया," असं गल्लीतल्या भावाला म्हणावं तसं त्या रिटायर्ड जज्जसाहेबांनासुद्धा म्हणायच्या, आणि चार-पाच कोऱ्या कादंबऱ्या कवेत घेऊन बाहेर पडायच्या.

ही पुस्तकं वाटायचा दिवस ठरलेला होता, संकष्टी चतुर्थी. त्या दिवशी निम्म्याहून जास्त घरांत बायकांना उपास. संध्याकाळी स्वयंपाक करून नैवेद्य झाकून ठेवला की चंद्र उगवेपर्यंत करायचं काय? पोटात कावळे कोकलत असतात आणि घरातले पुरुष घड्याळाकडे आणि चुलीकडे आळीपाळीनं बघत असतात. तेवढा वेळ आम्ही वहिनींच्या गच्चीवर जमायचो. तिथून चंद्र आधी दिसतो, असं घरी सांगायचं. वहिनी सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, पुढे नवी पुस्तकं मांडायच्या, आणि डोळे मिटून एकेक कादंबरी सांगायला लागायच्या. सामाजिक असो, ऐतिहासिक असो, हेरांची असो की विनोदी, डोळे मिटलेलेच. पुस्तकाचं पान त्यांना आत दिसतं, असं आम्ही म्हणायचो.

आणि चंद्र दिसला की वहिनींचं तोंड बंद. राजकन्या बुरुजावरून लोंबकळत असली तरी तिला तशीच लोंबकळत ठेवून त्या उठायच्या, चंद्राला अर्घ्य द्यायच्या आणि आम्हाला पिटाळायच्या. पुढचं काय झालं ते जिला हवं तिनं पुस्तक नेऊन वाचावं. गल्लीत एवढी पुस्तकं वाचली जायची ती या अर्धवट टांगलेल्या माणसांमुळेच.

एकदा त्यांनी एक शास्त्रीय कादंबरी आणली होती. त्यात माणसं अग्निबाणात बसून चंद्रावर जातात. वहिनी रंगात येऊन सांगत होत्या आणि आम्ही चंद्राचीच वाट बघत उपाशी बसलेल्या. भानुमतीबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "अहो पण, ही माणसं तिथे बसली असताना आपण अर्घ्य द्यायचं, म्हणजे ते पाणी त्यांच्या डोक्यावर की काय?" ती कादंबरी कुणी नेली नाही. वहिनींनी मग ती बाबूरावांना वाचायला लावली. कोऱ्या पुस्तकाला कुणाचा हात लागला नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

भानुमतीबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या समोरच्या घरातल्या. त्यांचे सासरे, आजेसासरे होळकरांच्या रिसाल्यात होते. राज्य गेलं, घोडे गेले, पण बैठकीच्या भिंतीवर तलवार होती आणि भानुमतीबाईंच्या आवाजात रिसाला होता. त्यांना घोडे असलेली ऐतिहासिक कादंबरी हवी असायची. वहिनी त्यांना विनोदी द्यायच्या. भानुमतीबाई ती सुनेकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या, एकदाही हसायच्या नाहीत, आणि परत करताना म्हणायच्या, "फालतू आहे. दुसरा भाग आहे का?"

सून म्हणजे सुलोचना. देवासची मुलगी, मॅट्रिक झालेली. वाचायची इतकं सुंदर की उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की आम्ही हातातलं काम टाकून ऐकायचो. तिचा नवरा मालोजी सेक्रेटरिएटच्या मोटारखात्यात होता. माणूस भला, पण आईसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा. माझी आणि सुलोचनाची मैत्री होती. ती गप्प बसणारी आणि मी बोलणारी, त्यामुळे आमचं कधी बिनसलं नाही.

त्या हिवाळ्यात सुलोचनाच्या आयुष्यात एक गोष्ट घडली. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिचं वाचन कुठल्याशा हळदीकुंकवाला ऐकलं आणि विचारलं, मराठी शिकवायला येशील का? एक बाई उन्हाळ्यात रिटायर होणार होत्या. सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत हो की नाही ते कळव, तोवर जागा राखून ठेवते, असं त्या म्हणाल्या. सुलोचनानं घरी विषय काढला. भानुमतीबाईंनी तिला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. "आमच्या घरातली सून पगार आणणार? लोकांच्या पोरींची नाकं पुसणार? बिलकुल नाही." सुलोचना त्या दुपारी वहिनींकडे येऊन रडली. मी तिथेच शेंगदाणे निवडत होते. वहिनींनी तिला चहा करून दिला.

आणि त्याच आठवड्यात पौषातली संकष्टी आली, आणि पार्सल आलं नाही. कुठे अडकलं कोण जाणे. वाचनालयातून वहिनी तीन जुनी पुस्तकं घेऊन आल्या. आमच्यापैकी बहुतेकींनी ती वाचलेली. थंडी मी म्हणत होती, आम्ही शाली गुंडाळून सिगडीभोवती बसलो होतो आणि चंद्राला अजून पुष्कळ वेळ होता. वकीलसाहेबांच्या यशोधराबाई होत्या, त्या दर पुस्तकाला "हे माझं झालंय" म्हणायच्या. त्या दिवशी त्या तीनही वेळा म्हणाल्या आणि तीनही वेळा खरं बोलल्या.

वहिनींनी तीनही पुस्तकं एकावर एक रचून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एक अगदी नवी आहे. पुस्तक आत्ता हाताशी नाही, पण सांगते."

कादंबरी कोकणातली होती. खोताचं मोठं घर, समोर समुद्र. वहिनींनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्या कादंबरीत तो फारच मोठा होता. घरातली सून इंदुमती. तिच्या हाताला गुण होता, आजारी माणूस तिच्या नुसत्या जवळ बसण्यानं शांत व्हायचा. खाडीपलीकडे दवाखाना निघतो, तिथले डॉक्टर तिला नर्स म्हणून बोलावतात. सासू खोतीण, जाडजूड, बडबडी, सारखी तपकीर ओढणारी. ती म्हणते, खोताची सून परक्यांच्या जखमा पुसणार नाही. वहिनींनी ती खोतीण अशी काही उभी केली की भानुमतीबाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. "काय बाई आहे! अक्कल नाही का तिला?" त्या म्हणाल्या. शेवटी एक दिवस खाडीत होडी येऊन थांबते. नावाडी हाक मारतो. इंदुमती ट्रंक घेऊन निघते, उंबऱ्यापाशी येते, आणि दारात खोतीण दोन्ही हात पसरून उभी असते.

"दिसला!" कोणीतरी ओरडलं. पूर्वेला चंद्र वर आला होता. वहिनी थांबल्या.

असा गलका त्या गच्चीवर मी कधी ऐकला नव्हता. भानुमतीबाई तर उठून उभ्याच राहिल्या. "हे काय? पोरीला उंबऱ्यात सोडली? ती म्हातारी बाजूला झाली की नाही, एवढं तरी सांगा!" त्यांना त्या खोतिणीत स्वतःचा कणभरही संशय आला नाही. त्या शिडशिडीत होत्या, मितभाषी होत्या, आणि तपकिरीची त्यांना शिसारी होती.

"पुस्तक कुठे आहे?" यशोधराबाईंनी विचारलं. ही त्यांची झालेली नव्हती आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

वहिनींनी क्षणभर इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ग्वाल्हेरला गेलंय."

यावर कोणीही शंका घेतली नाही. हे आजच्या लोकांना कळणार नाही. तेव्हा मध्य भारत राज्य होतं. राजधानी इंदूर की ग्वाल्हेर, यावर दोन्ही शहरांचं इतकं वाजलं की सरकारनं ती वाटून दिली. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. थंडी पडायला लागली की सगळं सेक्रेटरिएट फायली, खुर्च्या, टाइपरायटर आणि कारकून यांच्यासकट गाडीत बसून ग्वाल्हेरला जायचं आणि ऊन तापलं की परत यायचं. त्यामुळे आमच्याकडे जे सापडत नसेल ते ग्वाल्हेरला गेलेलं असायचं. अर्ज, पेन्शनचे कागद, जावई, छत्री, काहीही. बाबूरावही तिकडेच होते. त्यांच्या ट्रंकेत चुकून पुस्तक गेलं, यात नवल ते काय?

बाकीच्या घरी पळाल्या. सुलोचना जिन्यापाशी घुटमळत राहिली. मी तिच्यासाठी थांबले होते. तिनं हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांगा ना. ती गेली का? मला मोठ्या बाईंना उत्तर द्यायचंय."

"पुस्तक आलं की वाच," वहिनी म्हणाल्या, आणि पाठ फिरवून सिगडीतले निखारे उगाच हलवत बसल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगून टाकलं. पुस्तक नव्हतंच. "अगं, त्या सुलूशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही येऊनच नाही राहिलं. बोलता बोलता होत गेलं."

मला आधी हसू आलं आणि मग मी त्यांच्यावर चिडले. मला इतकी वर्षं खून वाटणाऱ्या बाईच्या पोटात अशी कादंबरी होती तर! "मग आता शेवटही सांगून टाका," मी म्हटलं. "करा त्या पोरीला खाडीपार!"

"तेच तर नाही ना जमत," त्या म्हणाल्या. "ती गेली असं सांगितलं, तर सुलू घरात भांडून नोकरी धरेल आणि भानुमतीबाई तिचं जगणं मुश्किल करतील. नाही गेली म्हटलं, तर ही मोठ्या बाईंना नाही कळवून टाकेल आणि जन्मभर खिडकीत बसून विनोदी वाचेल. माझ्या भरोशावर ने, असं मी पुस्तकाला म्हणते ग. दुसऱ्याच्या संसाराला कसं म्हणू?" मी इतका वेळ चिडले होते, पण त्यांचा चेहरा बघून माझा राग पळाला. बाई खरोखर घाबरल्या होत्या.

तिकडे त्या नसलेल्या पुस्तकाचं भलतंच सुरू झालं. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ग्वाल्हेरला कळवलं, बाबूरावांकडून अमुक कादंबरी घेऊन वाचून पाठवा. बाबूरावांना कशाचाच पत्ता नव्हता. पण तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. "नाही" हा शब्द कचेरीत वापरायचा नसतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. जो विचारेल त्याला ते म्हणाले, "बाहेर गेलंय. आलं की बघू." झालं, पुस्तक असल्याचा सरकारी पुरावाच मिळाला.

त्याहून कहर ग्वाल्हेरच्या बायकांनी केला. इंदूरच्या बायकांनी एक नवी कादंबरी वाचली आणि ग्वाल्हेरला तिचं नावसुद्धा माहीत नाही, हे त्या कसं कबूल करणार? यशोधराबाईंची बहीण लष्करात राहायची, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. माघातल्या संकष्टीला यशोधराबाई विजयी चेहऱ्यानं आल्या. "माझ्या बहिणीचं कधीच वाचून झालंय. शेवट अगदी साधारण आहे म्हणे. इंदुमती खाडीत जीव देते." गच्चीवर शोककळा पसरली. फाल्गुनात दुसऱ्या कुणाच्या ग्वाल्हेरच्या नणंदेनं वाचली. तिच्या मते खोतीण पश्चात्तापानं मरते. चैत्रात तिसरा शेवट आला, की ते सगळं इंदुमतीला पडलेलं स्वप्न होतं.

भानुमतीबाई संतापानं लाल झाल्या. "ग्वाल्हेरवाल्यांना पुस्तक धरता तरी येतं का सरळ? जीव कशाला देईल ती? एवढी गुणी पोर! त्या खोतिणीच्या मुस्काटात कोणी देत कसं नाही?" सुलोचना त्यांच्याच बाजूला, मान खाली घालून वाती वळत बसलेली असायची. मी तिच्याकडे बघायची आणि मला दातांनी ओठ दाबून धरावा लागायचा. वहिनी बिचाऱ्या दर महिन्याला ताज्या कादंबऱ्या आणत होत्या. एक फार सुरेख हेरांची होती, एक गिरणगावातली होती, एक अशी विनोदी की सांगताना त्यांचे मिटलेले डोळे पाणावले. कुणाचं लक्ष नाही. "ग्वाल्हेरची कधी येतेय?" एवढंच सगळ्या विचारायच्या.

ऊन तापलं. सेक्रेटरिएट परत आलं. स्टेशनवर फायलींचे गठ्ठे आणि कारकुनांचे बिछाने उतरले, मालोजी परतला, बाबूराव घामाघूम होऊन घरी पोचले, आणि त्यांची ट्रंक जिन्यावर चढेपर्यंत गल्लीतल्या तीन खिडक्यांतून तीन बायकांनी विचारलं, "आलं का पुस्तक?" वहिनींनी त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. बाबूरावांनी शांतपणे हात पुसले. "यात काय विशेष? प्रवासात गहाळ झालं म्हणायचं. आमच्याकडे दर फेरीला होतं. कोणी विचारत नाही."

"मला विचारतील," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या मी चांगलं पुस्तक दिलं तरी यांच्या मनात येईल, हे तरी आहे का खरं? मी संकष्टीला सरळ सांगणार. मग नका येऊ माझ्या गच्चीवर."

वैशाखातली संकष्टी आली. दिवसभर तापलेली गच्ची पाणी मारून थंड केली होती. झाडून सगळ्या आल्या होत्या, उपास नसलेल्यासुद्धा. वहिनींनी नवी पुस्तकं भराभर सांगितली. डोळे मिटले होते, पण आवाजात जीव नव्हता. माझी खुनाची कादंबरी तर त्यांनी चार वाक्यांत उरकली, खुनी कोण ते मला तिथेच कळलं. मग त्यांनी पुस्तकं बाजूला सरकवली, डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आता ती ग्वाल्हेरची. बायांनो, तुम्ही माझ्यावर भरोसा ठेवून..."

"वहिनी, ती माझ्याकडे आहे," सुलोचना म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. गच्चीवर तिचा आवाज असा वरच्या पट्टीत आम्ही प्रथमच ऐकत होतो. "यांच्या सामानात आली ती. बाबूरावजींनी वाचायला दिली असेल तिकडे. मी वाचली. शेवट मी सांगू का?"

वहिनींचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

"सांग, सांग!" भानुमतीबाई पुढे सरकल्या. "बघू तरी, त्या ग्वाल्हेरवाल्या किती खोटं बोलून राहिल्या होत्या."

सुलोचनानं वाती खाली ठेवल्या. "खोतीण दारात हात पसरून उभी असते. इंदुमती तिला ढकलत नाही, आणि मागेही फिरत नाही. ती ट्रंक खाली ठेवते आणि उंबऱ्यावर बसते. म्हणते, आईसाहेब, तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. पळून जायचं असतं तर मागचं दार होतं. पण एक विचारते. या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बसून चाकरीला गेले. महिन्याच्या महिन्याला पगार आणला. त्या पगारावर हे घर उभं राहिलं आणि त्याचा तुम्हाला अभिमान आहे. भिंतीवर तलवार आहे ती त्याचीच खूण. मग तीच चाकरी मी केली तर तिची लाज कशी?"

"खोताकडे घोडा कुठून आला?" यशोधराबाईंनी विचारलं. "आणि तलवार?"

"तुम्ही गप्प बसा हो!" भानुमतीबाई खेकसल्या. "ऐकू द्या."

"ती म्हणते," सुलोचना तशीच पुढे सांगत राहिली, "माझ्या हाती तलवार नाही. मला एकच गोष्ट चांगली येते. ती तुम्ही रोज दुपारी माझ्याकडून करून घेता आणि तुम्हाला ती आवडते, हे मला माहीत आहे. तेवढीच चार पोरींनाही द्यावी, असं वाटतं."

आता गच्चीवर सगळ्यांना कळलं होतं. यशोधराबाईंनासुद्धा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला छातीत धडधडत होतं आणि एवढं धडधडणं मला कुठल्याही खुनाच्या कादंबरीनं दिलं नव्हतं.

"आणि ती म्हातारी?" भानुमतीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "ती काय म्हणाली?"

सुलोचनानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "शेवटचं पान माझं वाचायचं राहिलंय, आईसाहेब."

चंद्र तेवढ्यात वर आला. तो दिसला असं कोणी ओरडलं नाही. भानुमतीबाई उठल्या, त्यांनी तांब्या घेतला, अर्घ्य दिलं, हात जोडले. मग इतर बायकांनी दिलं. एरवी चंद्र दिसला की जिन्यात चेंगराचेंगरी व्हायची. त्या दिवशी एकही जण हलली नाही. सगळ्यांचे नवरे घरोघरी उपाशी बसले होते आणि बसू देत, असंच मला वाटलं.

भानुमतीबाई जिन्यापर्यंत गेल्या. एक पायरी उतरल्या आणि मागे न बघता त्यांनी विचारलं, "सुलू, शाळा कितीला भरते?"

"दहाला," सुलोचना म्हणाली.

"मग साडेनऊच्या आत जेवण झालं पाहिजे तुझं. पोळ्या मी टाकत जाईन. चल आता, उपास सोड. तोंड बघ कसं सुकलंय." आणि त्या रिसाल्याच्या पावलांनी खाली उतरल्या.

सुलोचना त्यांच्या मागे धावली, मध्येच परत आली आणि तिनं वाकून वहिनींच्या पायाला हात लावला. वहिनी रडतच होत्या. "तुला कधी कळलं ग?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. पुस्तकातलं सांगताना तुम्ही डोळे मिटता. त्या दिवशी तुम्ही सबंध वेळ माझ्याकडे बघत होतात," ती म्हणाली आणि गेली.

वहिनींनी पुढे पुष्कळ वर्षं कादंबऱ्या सुचवल्या. मध्य भारत संपला, राजधानी भोपाळला गेली, आणि हरवलेल्या वस्तूंना जायला जागा उरली नाही. पार्सल उशिरा आलं की वहिनी सरळ सांगायच्या, या महिन्याला नवं काही नाही, भजन म्हणा. सुलोचना शाळेत हेडबाई होऊन रिटायर झाली. तिच्या वर्गातल्या मुलींचं वाचन रस्त्यावरून ऐकू यायचं.

पण मला आठवते ती त्या वैशाखाच्या पुढची, ज्येष्ठातली संकष्टी. सुलोचनाचं नेमणुकीचं पक्कं झालं होतं आणि गच्चीवर पेढे फिरत होते. यशोधराबाईंनी पेढा खाल्ला, हात झटकले आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. पण आता ती कादंबरी मला द्या. माझीच तेवढी वाचायची राहिलीय."

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. सुलोचनानं खाली बघितलं. भानुमतीबाईंनी पेढ्याचा डबा यशोधराबाईंच्या पुढून उचलला आणि झाकण लावलं.

"ती नाही मिळायची," त्या म्हणाल्या. "ती आमच्या घरची आहे."